पाखराच्या बाणाचे टोक

आमच्या मालवण भागात छत्री मोडली म्हणजे घरातले वडील माणूस हळहळते आणि पोरगे मनातून हरखते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. तेव्हा छत्र्या मोडायच्याच. मोडक्या छत्रीची एक काडी वाकवून तिला दोरा ताणला की झाले धनुष्य. खराट्यातून ओढून काढलेला माडाचा हीर, तो बाण. आणि ह्या बाणाच्या पुढच्या टोकाला, रस्त्याच्या कामावरच्या पिंपातून खरवडून आणलेल्या डांबराची बोराएवढी गोळी. ही गोळी कशाला, असे कोणत्याही मुलाला विचारा. तो सांगेल, "नायतर बाण गिरक्यो खाता." बरोबर आहे त्याचे. नुसता हीर सोडला तर तो चार हातांवर आडवा होतो आणि पाचोळ्यासारखा खाली येतो. पुढे गोळी लावली की तोच हीर नाकासमोर जातो.

आज मला ह्या गोळीविषयी बोलावयाचे आहे. म्हणजे बाणाच्या टोकाविषयी. आणि त्यातही लहान पाखरांसाठी पूर्वीचे शिकारी कोणते टोक निवडीत व का निवडीत, ह्याविषयी. विषय ऐकून शिक्षक मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. कायद्याचे मी पुढे सांगणारच आहे. पण गावातले पोरगे धनुष्य करावयाचे काही सोडीत नाही, आणि ज्याच्या हाती धनुष्य आहे त्याला टोकाची समज नसणे ही गोष्ट मला फार घातक वाटते. का वाटते, ते आधी सांगतो.

गोष्ट १९७० च्या सुमाराची. मी तेव्हा सातवीत होतो. छत्रीच्या काडीचा खेळ आता लहान मुलांचा वाटू लागला होता, म्हणून मी माणग्याचे धनुष्य केले. माणगा आमच्याकडच्या कुंपणाकुंपणांतून असतो. बिनकाट्याचा, बराचसा भरीव, चिवट. त्याची कांब तासून, विस्तवावर शेकवून वाकवली आणि वाखाची दोरी लावली. बाणासाठी बांबूच्या सरळ काड्या घेतल्या. टोकाला काय लावायचे? माझ्या अकलेप्रमाणे मी ठरविले की टोक जितके अणकुचीदार तितका बाण चांगला. एक मोठा खिळा दगडावर चेचला, घासघासून सुईसारखा केला आणि काडीत बसवून वरून दोरा गुंडाळला. बोटाला लावून पाहिला तर रक्त आले. मला कोण आनंद झाला!

घरामागच्या काजूवर होला बसत असे. एका संध्याकाळी मी दहा-बारा पावलांवरून बाण सोडला आणि तो लागला. होला पडला मात्र नाही. बाण पोटाच्या कडेतून आरपार अर्धा गेलेला, आणि तशा त्या बाणासकट पाखरू उडाले! वेडेवाकडे उडत कुणग्यावरून खाडीच्या कांदळात शिरले. मी चिखलात गुडघाभर रुतून अंधार पडेपर्यंत शोधले. मिळाले नाही. रात्री जेवताना कोणी विचारले, आज गप्प का? मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग बघत गेलो तेव्हा बांधाच्या कडेला ते दिसले. बाण तसाच होता. होला बहुधा आदल्या दिवसापर्यंत जिवंत असावा. कारण पहिल्या दिवशी तो त्या ठिकाणी नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. तिथपर्यंत तो आपल्या पायांनी आलेला होता.

आमच्या वाडीत एक म्हातारे आबा होते. तरुणपणी त्यांनी रानात पुष्कळ भटकंती केलेली. त्यांना मी तो बाण दाखविला. मला वाटले होते की ते पाखरू मारल्याबद्दल कान धरतील. त्यांनी कान धरला खरा, पण निराळ्याच गोष्टीबद्दल. म्हणाले, "ह्यां टोक डुकराचां. पाखराक टोक नको रे झिला, डोक्यां व्हयां." आणि माळ्यावरून त्यांनी एक जुना बाण काढून आणला. त्याच्या पुढे लोखंड नव्हतेच. खैराच्या लाकडाचा, लहान सुपारीएवढा, पुढून सपाट केलेला गोळा होता. तेवढेच.

आता ह्यातले मर्म पाहू. शिक्षकांनी हा भाग वर्गात फळ्यावर काढून दाखवावा इतका तो सोपा आहे.

अणकुचीदार किंवा पात्याचे टोक मारते ते कापून. हरीण, रानडुक्कर असे मोठे जनावर घ्या. त्याच्या अंगात बाण खोल जातो, पाते आतल्या शिरा कापते, रक्त वाहते आणि जनावर थोड्या वेळाने पडते. त्याचा माग काढता येतो, कारण रक्ताचे थेंब जमिनीवर असतात. पाखराचे तसे नाही. होल्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. लाव्याचे त्याच्याही निम्म्याच्या आसपास. एवढ्याशा देहातून सुईसारखे टोक आरपार निघून जाते, आणि जाताना आपला बहुतेक जोर बरोबर घेऊन जाते. पाखराला मिळते ती एक बारीक जखम. ती त्याला मारील, पण तासांनी, कदाचित दिवसांनी. दरम्यान ते उडून जाते, आणि उडालेल्या पाखराचा माग कुठला काढता?

बोथट टोकाचे उलट आहे. ते आत शिरत नाही, थांबते. आणि बाण थांबला म्हणजे त्याच्या अंगातला जोर कुठे तरी जावाच लागतो. तो सगळा पाखराच्या अंगात जातो. पाखराची पुष्कळशी हाडे पोकळ. उडण्यासाठी निसर्गाने ती हलकी केलेली. ह्या धक्क्याने पाखरू जागच्या जागी पडते. थोडक्यात, पात्याचे काम सुरीचे आणि गोळ्याचे काम मुसळाचे. (मांस फाटत नाही, हा आणखी एक फायदा जुने लोक सांगत. तो मी आपला सांगण्यापुरता सांगितला.)

ही अक्कल काही आमच्या आबांचीच नव्हे. बस्तरच्या गोंडांकडे पाखरांसाठी बोथट लाकडी डोक्याचे बाण असत, आणि लोखंडी पात्याचे बाण ते मोठ्या जनावरांसाठी राखीत. सैबेरियात खारीसारख्या जनावरांसाठी बोथट बाण वापरीत, कारण तिथे कातड्याला किंमत. त्याला भोक पडून चालावयाचे नाही. मिसर देशातील तूतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली सापडले, त्यात निघालेल्या बाणांतसुद्धा बोथट टोकाचे बाण आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी ही निवड. आणि आपल्याकडची गलोल? तिच्यात बाणच नाही. दुहेरी दोरीच्या मधल्या पट्टीत उन्हात वाळवलेली मातीची गोळी ठेवून सोडावयाची. बोथट टोकाचा विचार शेवटपर्यंत नेला की काडी गळून पडते आणि गोळीच उरते, असे म्हणा ना.

बोथट टोकाचे दुसरेही गुण आहेत, आणि ते झाडाखाली उभे राहिल्याशिवाय कळत नाहीत. पाखरू बसते फांदीवर. नेम चुकला, आणि नेम दहांत आठ वेळा चुकतो, की अणकुचीदार बाण आंब्याच्या खोडात वीस-पंचवीस हातांवर रुतून बसतो. मग चढा वर. बोथट बाण फांदीवर आपटून खाली येतो. जमिनीवरच्या लाव्या-तित्तिरावर सोडलेला बारीक टोकाचा बाण गवताच्या मुळातून सापासारखा सरपटत जातो आणि चार पावलांवर असून दिसत नाही. रुंद डोक्याचा बाण गवतात अडकतो, उताणा पडतो, सापडतो. परदेशात हल्ली ह्यासाठी टोकाच्या बाजूंना तारेचे छोटे हात लावलेली टोके मिळतात. ते हात गवताला धरतात आणि बाण तिथेच उलटतो. रबराची बोथट टोकेही असतात. युक्ती जुनीच, दुकान नवे.

वर सोडलेला बाण खाली कुठे पडणार, हाही विचार आहे. आमच्याकडे घराला घर लागून. माडाखाली कोणाची तरी म्हातारी वाळवण राखीत बसलेली असायची. माझ्या एका बाणाने शेजारच्या काकूंची दोन मंगळुरी कौले फोडली, ती भरून देण्यासाठी मी सुट्टीभर त्यांच्या माडांना पाणी घातले आहे. उंचावर मारावयाच्या बाणाला म्हणून मागची पिसे मुद्दाम मोठी, फुललेली ठेवतात. असा बाण पहिले काही हात जोराने जातो आणि मग पिसांना वारा धरून लवकर दमतो. फार दूर जात नाही. म्हणजे पाखराच्या बाणाचे दोन्ही टोकांचे शास्त्र एकच: जवळ जोर, पुढे काही नाही.

आता वजन. पुढचा गोळा किती जड असावा? डांबराची गोळी लावणाऱ्या मुलाला हे बोटाने कळते. आपण मोजून पाहू. ७० सेंटिमीटरची काडी घ्या आणि बोटावर आडवी तोला. टोक नसताना ती साधारण मध्यावर तोलली जाईल. टोक बसविल्यावर तोलाचा बिंदू मध्यापासून ७ ते १० सेंटिमीटर पुढे सरकला पाहिजे. कमी सरकला तर बाण डगमगतो. फार सरकला तर तो डोके खाली घालून लवकर जमीन गाठतो. शिवाय पुढे फार भार झाला की काडी सुटताना जास्त वाकते आणि बाण बाजूला जातो. म्हणून जड गोळ्याला काडी जरा ताठ हवी. बाजारातली टोके ग्रेनवर विकतात. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास, १२५ ग्रेन म्हणजे सुमारे आठ ग्रॅम. सरावाचे टोक आणि कामाचे टोक एकाच वजनाचे ठेवावे, हा तिथला पहिला नियम. नाहीतर हात एका बाणाला सरावतो आणि प्रसंगी दुसराच बाण हाती येतो.

आपल्या जुन्या ग्रंथांना टोकांचे हे वेड फार. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचा भाग आहे, त्यात टोकांची नावे पाहा: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. न्हाव्याचा वस्तरा, बाईच्या हातातली सुई, गाईचे शेपूट, वासराचा दात, कावळ्याची चोच. लोहाराने गोठ्यात आणि ओसरीवर बसून नावे ठेवली असावीत असे वाटते! टोक पाहिले की त्याचे काम कळावे, अशी ही नावे आहेत.

आणि आता शिक्षक मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनाने पोपटाचा डोळा फोडला, असे आपण मुलांना सांगत आलो. आदिपर्व उघडून वाचावे. तिथे पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे; आणि डोळा नाही, डोके आहे. पण मुख्य गोष्ट पुढेच. तो पक्षी जिवंत नव्हता! द्रोणांनी कारागिरांकडून तो करवून घेऊन झाडाच्या शेंड्यावर ठेवविला होता. अर्जुनाने सोडलेला बाणही वस्तऱ्यासारख्या पात्याचा होता. त्याने त्या पक्ष्याचे डोके कापून खाली पाडले. कृत्रिम पक्ष्याचे डोके उडवायचे तर पातेच पाहिजे. तिथे गोळा मारला असता तर पक्षी नुसता डुलला असता. टोकाची निवड त्या गोष्टीतही चोख आहे. आणि जिवंत पाखरावर हात साफ करण्याची गरज खुद्द द्रोणांनाही वाटली नाही, हे आपण इतकी वर्षे मुलांना सांगावयाचे राहिलो.

कायद्याचे सांगतो म्हणालो होतो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. तेव्हा काही पाखरांची शिकार परवाना काढून करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. २०२२ साली पुन्हा मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आज होला, लावा, तित्तिर, रानकोंबडा, आपला राज्यपक्षी हरियाल, ह्यांपैकी कोणालाही मारता येत नाही. बंदुकीने नाही, बाणाने नाही, गलोलीने नाही आणि फाशानेही नाही. घरटे विसकटणे, अंडी काढणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर कैद किमान तीन वर्षांची. बाहेरच्या देशांतही सारखे नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हंगामात धनुष्याने पाखरे मारण्यास परवानगी आहे, तर ब्रिटनमध्ये १९८१ पासून वन्य प्राणी-पक्ष्यांवर धनुष्य चालविण्यासच मनाई आहे; कारण तेच, जखमी होऊन निसटणारे जनावर.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. हौशी माणसाचे धनुष्य गेले, त्याचे फारसे बिघडले नाही. रायगड-ठाण्याकडच्या कातकऱ्याचे धनुष्य आणि गलोल गेली, तेव्हा त्याच्या ताटातले काही तरी गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरचे पुष्कळ हक्क मानले, पण शिकारीचा वगळला. तो वगळणे पाखरांच्या दृष्टीने योग्यच होते असे मी मानतो. मात्र ज्याचे ताट कमी झाले त्याच्या ताटात दुसरे काय पडले, हा हिशेब आपण कोणी नीट मांडलेला नाही, हेही खरे.

पुढे मी मास्तर झालो. एके वर्षी पावसाळ्याच्या शेवटी रापणीवर जाणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा शाळेत धनुष्य घेऊन आला. सायकलच्या चाकाची तार घासून त्याने टोक केले होते. पाहताच माझ्या बोटाला तीस वर्षांपूर्वीची ती खिळ्याची टोच लागली. इतर शिक्षकांचे म्हणणे, धनुष्य मोडा आणि बापाला बोलवा. मी धनुष्य मोडले नाही. टोक काढून घेतले आणि त्याला म्हटले, आता ह्याला पुढे गोळा बसवून आण.

तो दुसऱ्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा गोळा घेऊन आला. हलका होता. आम्ही बोटावर तोलून पाहिला. बिंदू जेमतेम तीन सेंटिमीटर सरकला. मग त्याने खैराचा केला. शनिवारच्या शेवटच्या तासाला शाळेमागच्या माडांना दोरी बांधून एक सोडण, म्हणजे नारळाचे सुके सालपट, लोंबते ठेवले. हा आमचा भास पक्षी. बोथट बाण लागला की सोडण झुलू लागते. कोणाचा बाण लागला, कोणाचा चुकला, ह्यावर वाद उरत नाही. अणकुचीदार बाण त्यात नुसता रुतून बसतो आणि काढताना मोडतो, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले.

शिक्षकांपैकी कोणाला हे करून पाहावयाचे असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या. सगळ्यांनी एका रेघेवर उभे राहावे, रेघेच्या पुढे कोणी नाही. सगळ्यांचे बाण सुटल्यावरच सगळ्यांनी मिळून वेचावयास जावे. लक्ष्याच्या मागे बांध किंवा चिऱ्याची भिंत असावी, वाट असू नये. आणि आकाशाकडे बाण कधीही सोडू देऊ नये. गोळा बोथट असला तरी डोळा तो डोळाच. छत्रीच्या काडीने डोळे गेलेली मुले कोकणात पुष्कळांनी पाहिली असतील.

ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी रस्ता आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते झाले. आदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची. त्यांच्या बाणांचे टोक पाखराचेही नाही आणि डुकराचेही नाही. ते काडीइतकेच जाड आणि बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते असते, म्हणजे पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात शिरते आणि ओढले की सुखाने बाहेर येते.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे तिरंदाजी केली नाही. तो आता बोटीवर असतो. मध्यंतरी बंदरावर भेटला तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, ती माझी तार अजून आसा तुमच्याकडे?" आहे. टेबलाच्या खणात आहे. आबांचा बाणही माझ्याकडेच आला. त्याची काडी किडीने पोखरली म्हणून मी दोनदा बदलली. पुढचा खैराचा गोळा मात्र मूळचाच आहे, आणि त्याच्या सपाट तोंडावर आंब्याच्या सालीचे जुने काळे डाग अजून दिसतात.